म्हातारपणाचे दुखणे कोठे सुरू होते?

वार्धक्य हा निसर्गक्रम आहे. परंतु वार्धक्यातील परावलंबन हा सर्वस्वी निसर्गक्रम नव्हे. त्याचा बराच मोठा भाग समाजरचनेने घडविलेला असतो. समाजवादी विचार हे पूर्वीपासून सांगत आला आहे. आता वैद्यकीय संशोधनही त्याच निष्कर्षाकडे येत आहे, आणि म्हणूनच राजकीय कार्यकर्त्यांनी त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. त्यांपैकी साठीपुढील ४,०९६ व्यक्तींच्या स्मरणशक्तीची स्वतंत्र तपासणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने झाली. तिचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, देशातील साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, उपचाराविना राहिलेला बहिरेपणा व अंधत्व आणि दूषित हवा ही कारणे आहेत. आणि त्यांच्या बरोबरीने बालपणी न मिळालेले शिक्षणही आहे. ही सर्व कारणे दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असे आयोग म्हणतो.

याचा अर्थ उघड आहे. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेतून काढलेली, पुढे आयुष्यभर खुरपणी करून चुलीचा धूर गिळलेली स्त्री सत्तराव्या वर्षी जो आजार भोगते, त्याची पेरणी साठ वर्षांपूर्वी झालेली असते. त्याला निव्वळ ‘वयाचा दोष’ म्हणणे ही समाजाने स्वतःची करून घेतलेली सोयीस्कर सुटका होय.

तथापि पेरणी झाली म्हणून पीक भोगलेच पाहिजे असे नाही. ऐंशी वर्षांपुढील माणसाचा रक्तदाब औषधाने उतरवावा की नाही, याविषयी वैद्यकातच दीर्घकाळ दुमत होते. युरोप, चीन आदी देशांतील ३,८४५ वृद्धांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले आणि तो वाद बराचसा मिटला. औषध घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या औषधाने हे साधले ते कोणते? इंडॅपामाइड ही जुनी, स्वस्त गोळी आणि गरजेनुसार तिच्या जोडीला आणखी एक. मात्र ती रोज मिळाली पाहिजे.

नेमक्या याच ठिकाणी शासनाचे धोरण अडखळते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सत्तरीपुढील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत घेतले. उपचारासाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. घरी परतल्यावर औषधे मिळतात ती पंधरा दिवसांपुरती. म्हणजे पक्षाघात झाल्यावर सरकार लाखो रुपये मोजण्यास तयार असते. मात्र तो टाळणारी गोळी, चष्मा वा श्रवणयंत्र या योजनेत बसत नाही. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सरकारी केंद्रांतून रक्तदाबाची औषधे नियमित देण्याचा उपक्रम सुरू झाला. मार्ग ठाऊक आहे. तो प्रत्येक उपकेंद्रापर्यंत नेण्याची इच्छाशक्ती हवी.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी महिना २०० रुपये आहे, आणि २००६ पासून तो वाढलेला नाही. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० रुपयांवर नेली. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ज्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालाच्या भविष्यनिर्वाहाची सोय केली, त्याने एवढ्यावर समाधान मानावे काय? डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतक्या निवृत्तिवेतनाची मागणी केली होती. ती आजही तितकीच न्याय्य आहे.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. अर्थशास्त्राचे उत्तर साधे आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचा खर्च शासनाने नाकारला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो अंदाजपत्रकातून उठून घरातील सुनेच्या, लेकीच्या आणि बहुधा स्वतःच म्हातारी झालेल्या पत्नीच्या माथी बसतो. तिची बुडालेली मजुरी आणि मोडलेली पाठ कोणत्याही राष्ट्रीय हिशेबात नोंदली जात नाही, एवढेच.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ ठराव करून थांबू नये. आपल्या उपकेंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या महिनाभराच्या गोळ्या खरोखर मिळतात काय, निवृत्तिवेतनाचे किती अर्ज तहसील कचेरीत पडून आहेत, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्यसेविका पोहोचते काय, याची गावनिहाय नोंद प्रत्येक तालुका शाखेने करावी आणि ती घेऊन जिल्हा परिषदेवर जावे. आयुष्यभर ज्यांनी समाजाचे ओझे वाहिले, त्यांना अखेरीस समाजावरचे ओझे म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. तो दूर करणे हे दयेचे काम नसून हक्काच्या लढ्याचे काम आहे.