नव्या इंजिनाची हौस

नवी गाडी दारात आली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबे ठेवली जातात, पेढे वाटले जातात. इथवर कोणाचीच तक्रार नाही. हौसेला मोल नसते. परंतु त्यानंतर पुष्कळदा जे घडते, त्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. घरातला, बहुधा आपल्याच वयाचा, एखादा वीर चालकाच्या जागी बसतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून जोरजोराने रेस देऊ लागतो. भोवती मित्रमंडळी जमलेली असते. जितका आवाज मोठा तितकी गाडी दमदार, अशी सर्वांची समजूत! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळी असे करण्याची सहसा कोणाची छाती होत नसे. वर्षानुवर्षे नंबर लावून मिळालेल्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी असे आणि मागून येणाराही तिला सांभाळून घेई. आता ती पाटी गेली, आणि तिच्याबरोबर तिच्यामागचा विचारही गेला. ‘आजकालच्या इंजिनांना त्याची गरजच नाही,’ असे सांगणारे जागोजाग भेटतात.

हे अर्धसत्य आहे. आजचे सुटे भाग पूर्वीपेक्षा कितीतरी काटेकोर बनतात, हे खरे. तरीही सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा मुद्दाम ओढलेल्या असतात. त्या रेषांत तेल टिकते, आणि त्यांच्या कडांवर घासत घासत पिस्टनच्या रिंगा भिंतीशी जुळतात. ही जुळणी पुरी होते ती रस्त्यावर. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरांसाठी पथ्य सांगितलेले असते.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, ‘इंजिन पहिल्यापासून दामटावे, म्हणजे रिंगा नीट बसतात.’ यातही तथ्य आहे. जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. भीतभीत, अगदी हलक्या पायाने गाडी चालवली तर हा दाब अपुरा पडतो, भिंत गुळगुळीत होते, आणि पुढे गाडी ऑइल खाऊ लागते, निळसर धूर सोडते. पण या मंडळींची गल्लत होते ती भार आणि फेरे यांत. चढावर योग्य गिअरमध्ये इंजिन ओढू लागते तेव्हा रिंगांवर दाब येतो. उभ्या गाडीला रेस दिली तर दाब फारसा येत नाही, फेरे मात्र भरमसाट वाढतात. फेरे दुप्पट झाले की पिस्टनच्या वरखाली होण्याचा ताण चौपट होतो. त्यात तेल अजून थंड आणि दाट असते. न जुळलेल्या पृष्ठभागांवर ठिकठिकाणी उष्णता साठते, ओरखडे पडतात. लाभ शून्य, झीज मात्र पदरी!

मग करावे काय? सुरुवातीची काही मिनिटे गाडी सावकाश चालवावी. इंजिन तापले की मध्यम जोर द्यावा, पाय सोडावा, पुन्हा द्यावा. तासन्‌तास एकाच वेगाने जाऊ नये, शेवटच्या टोकापर्यंत फेरे नेऊ नयेत, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रडवूही नये. पहिली सर्व्हिस वेळेवर करावी.

मित्रहो, हे नुकसान त्याच दिवशी दिसत नाही, म्हणूनच ते फसवे आहे. पहिली दोन वर्षे गाडी तशीच पळते; धूर दिसू लागतो तो पुढे, कदाचित कर्जाचे हप्ते फिटत आलेले असताना. टाळ्या मित्रांच्या असतात, बिल मात्र फंडातून पैसे काढणाऱ्या वडिलांच्या हाती पडते. नव्या इंजिनाला काम द्यावे. गोंगाटाने ते मोठे होत नाही. कंपनीची पुस्तिका गाडीच्या खणातच असते. रेस देण्यापूर्वी ती अर्धा तास वाचावी, एवढीच विनंती.