नाशिकदर्शन आणि अनवाणी पाय

मागच्या चैत्रात एक ६८ वर्षांचे गृहस्थ सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. दोघे पुण्याहून देवदर्शनासाठी आलेले. आदल्या दिवशी भर दुपारी त्यांनी काळाराम मंदिराला अनवाणी पाच प्रदक्षिणा घातल्या होत्या. "बाबांना दुखत काहीच नाही हो. सकाळी चादरीवर ओला डाग दिसला, म्हणून मी तळवे पाहिले," सूनबाई म्हणाल्या. दोन्ही तळव्यांवर मोठे फोड, त्यांतला एक फुटलेला. मधुमेह १५ वर्षांचा. पायांची संवेदना इतकी मंदावली होती की, तापलेल्या दगडाने कातडी भाजली तरी त्यांना कळले नव्हते. जखम भरून यायला दीड महिना लागला.

म्हणून नाशिकला येणाऱ्या ज्येष्ठांना मी आधी वेळेचे पथ्य सांगतो. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेले हे देऊळ काळ्या पाषाणाचे, आणि आवारही दगडी. सकाळी सातला तो दगड पायांना सुखद गार लागतो. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर त्याचा तवा होतो. मधुमेहींनी जाड सुती मोजे घालून जावे. रात्री मुक्कामी तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. फोड आढळला तर तो फोडू नये, त्यावर हळद वा टूथपेस्ट लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नातवंडे सोबत असतील तर घाई न करता जरा तेथे बसावे. या देवळातील प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू केला, हे त्यांना तेथेच सांगावे.

जवळच्या सीतागुंफेत मात्र अगदी वाकून, अंग चोरून उतरावे लागते. गुडघेदुखी किंवा दम लागणाऱ्यांनी बाहेरूनच हात जोडलेले बरे. रामकुंडाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, तेव्हा कुणाचा तरी हात धरूनच उतरावे. हृदयविकार असणाऱ्यांनी थंडीत पहाटे बुडी मारण्याऐवजी ओंजळभर पाणी मस्तकी लावावे. घाटावरचा दुतोंड्या मारुती अवश्य पाहावा. गोदावरीच्या पुराचे पाणी त्याच्या कुठवर चढले, यावरून नाशिककर पूर मोजतात.

पांडवलेणी पाहायची तर दोनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी पायथ्याच्या दादासाहेब फाळके स्मारकाच्या बागेत बसावे. वणीच्या सप्तशृंगीला आता रज्जुगाडी आहे, त्यामुळे गडाच्या पायऱ्यांची धास्ती नको.

त्र्यंबकेश्वरच्या रांगेबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. दर्शन होईपर्यंत काही खायचे नाही, पण साखरेची गोळी मात्र वेळेवर घ्यायची, असा नेम अनेकांचा असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर झपाट्याने उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात असंबद्धता दिसली की रांगेतच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. दुसरी खोड लघवीच्या गोळीची. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून ती परस्पर बंद करतात आणि रात्री छातीत पाणी साठून धाप लागते. ती संध्याकाळी मुक्कामी घेतली तर चालेल का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता मिसळ. नाशिकला येऊन ती खाऊ नका, असे सांगणारा डॉक्टर नाशिकचा नव्हे! रक्तदाबाच्या रुग्णांनी तर्री वेगळी मागवावी, फरसाण आणि पापड दुसऱ्याच्या ताटात सरकवावे, मटकीवर दही घ्यावे. एक प्लेट दोघांत पुरते. चिवडा घरी न्या, पण त्यातले मीठ लक्षात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर द्राक्षे हवीतच. मधुमेहींनी नीट धुऊन दहा-बारा मणी जेवणानंतर लगेच न खाता मधल्या वेळी खावेत. रस नको.

ते गृहस्थ यंदा पुन्हा आले होते. पहाटे उठून, पांढरे मोजे घालून दर्शन उरकले. परतताना दवाखान्यात डोकावून त्यांनी दोन्ही तळवे दाखवले आणि हळूच विचारले, "डॉक्टर, तर्री वेगळी कुठे देतात?"