शर्यतीचा रस्ता, आपला रस्ता

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. 437 किलोमीटरची ही शर्यत मुळशी, पुरंदर, बारामती या भागांतून गेली. आमचे चिरंजीव मोबाइलवर तिची चित्रे पाहत बसले होते. आम्हाला मुंबई-पुणे शर्यत आणि तिचा ‘घाटाचा राजा’ ठाऊक; पण येथे सायकलवाल्यांबरोबर डोंगर-किल्लेही दिसत होते. चिरंजीव म्हणाले, “बाबा, अशी शर्यत आपल्याकडून गेली तर काय दाखवतील? चाळी आणि टॉवर?”

प्रश्न मनाला लागला. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन हाफ पायडल शिकलेले आम्ही, कचेरीत लागल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. तरी रविवारी पहाटे शेजाऱ्यांकडून दोन सायकली मागून घेतल्या आणि बापलेक नायगावहून निघालो. गिरगाव गाठायचे आणि तेथून दादरपर्यंत आपली शर्यत, असे ठरले.

गिरगावात चर्नी रोडच्या बागेपाशी थांबलो. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. शाळकरी भीमराव या बागेत वाचत बसत आणि येथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चिरंजीव बागेच्या कठड्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

भायखळ्यावरून लालबागला आलो. उड्डाणपूल सोडून खालचा रस्ता धरला. दुकाने बंद होती, तरी मिरची-मसाल्याचा वास नाकात शिरलाच. चिवडा गल्लीपाशी आम्ही चिरंजीवांना गिरण्यांची गोष्ट सांगितली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यातले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्याआधीचीही एक गोष्ट सांगितली. गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार जास्त. पण तेथे अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होतो म्हणून! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता.

चिरंजीवांनी विचारले, “तुमचे आजोबा कोणत्या खात्यात होते?”

आम्ही गप्प झालो. आजोबा गिरणीत होते एवढेच आम्हाला माहीत. खाते आम्ही कधी विचारलेच नाही. आता सांगणारे वडीलही नाहीत.

परळला दामोदर हॉलची जागा दाखवली. 9 मार्च 1924 रोजी तेथे भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट निघाली. तेथील नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले. पुढे पोयबावडीची बीआयटी चाळ. दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांनी सुमारे 22 वर्षे संसार केला. जिना चढताना चिरंजीव म्हणाले, “एवढ्या लहान खोल्या?” आम्ही म्हटले, “होय, आणि म्हणूनच पुढे ग्रंथांसाठी राजगृह बांधावे लागले.”

हिंदू कॉलनीत राजगृह पाहून टिळक पुलावरून चैत्यभूमीला पोहोचलो, तेव्हा आमचे गुडघे बोलू लागले होते. 7 डिसेंबर 1956 रोजी लाखोंच्या जनसागराने जेथे बाबासाहेबांना निरोप दिला, तेथे आम्ही वंदन केले. परतताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, कॅमेऱ्याला हे काही दिसणार नाही. कोणीतरी सांगावं लागेल.”

वाचकहो, खरे आहे. किल्ला दुरून दिसतो; चाळीतली खोली सांगितल्याशिवाय दिसत नाही. गिरण्या गेल्या, बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. नवे घर आपल्या माणसांना मिळावे, यात दुमत नाही. पण जुन्या खोलीत कोण राहिले, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात राबले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आमचा खर्ची पडलेला हिशेब आता जुळणार नाही. तुमचा अजून जुळेल.