माणूस म्हणजे पक्षी नव्हे

‘ट्रॅव्हल फोटोग्राफी सुरू करायचीय, कोणती लेन्स घेऊ?’ याला ‘७०-३०० घे’ असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

पुणतांब्याला या. गोदावरीचा घाट, चांगदेव महाराजांची समाधी, पाण्यात कपडे आपटणारी बाई. लांब लेन्स असली की तिचा चेहरा तुम्ही पलीकडच्या काठावरून, न विचारता उचलणार. याला मी चोरी म्हणतो.

जून २०१७ च्या शेतकरी संपाची हाक याच गावातून गेली. सगळीकडे फिरले ते रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे फोटो. ते ओतणाऱ्याच्या घरचा हिशेब कुठल्याच झूममध्ये येत नाही. त्यासाठी त्याच्या ओट्यावर बसावं लागतं.

म्हणून कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ पुरे. १८ वर घाट मावतो. क्रॉप सेन्सरवर ३५ म्हणजे साधारण फुल फ्रेमची ५०. कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम त्याच ५० वर केलं. कॅमेराच नसेल तर मोबाइल आहे. वाचलेल्या पैशांत तिकीट काढा, दोन दिवस मुक्काम करा.

पक्षी टिपायचे असतील तर खुशाल ३०० घ्या. माणूस जवळ गेल्यावर उडून जात नाही. फार तर ‘नको’ म्हणतो, आणि तेही ऐकायला शिकावं लागतं.