ॲम्प्लिफायर बाहेरच्या खोलीतच हवा



घरातला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर गराज सेलमध्ये काढणार असाल, तर जरा थांबा. प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र इअरफोन आल्यापासून घर शांत झालं खरं, पण आई काय ऐकते ते मुलांना कळत नाही आणि मुलं काय ऐकतात ते आईला. आमच्याकडे शनिवारी सकाळी स्पीकरवर सुधीर फडके लागतात. मुलं नाकं मुरडत पोहे खातात आणि मधेच विचारतात, "बाबा, पारिजात म्हणजे काय?" इअरफोन असते तर हा प्रश्न आलाच नसता.

खर्चाला घाबरू नका. १९७८ साली आलेला नॅड ३०२० कागदावर दर चॅनेलला फक्त २० वॅटचा होता, तरी गाजला. २० ऐवजी ४० वॅट घेतले तर फरक पडतो ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात! (विक्रेता हे सांगत नाही.) त्यामुळे वापरलेला, साधा ॲम्प्लिफायर पुरतो. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मात्र इथल्या १२० वर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालायचा नाही. आणि त्याच्यावर मासिकांचा गठ्ठा नको, तो तापतो.

आमचा नियम एकच: एक गाणं आमचं, एक मुलांचं. त्यांचं रॅप मला मुळीच आवडत नाही. त्यावरून होणारं भांडण मात्र मराठीत होतं.

– एक पालक