दगडावरील ठेव-पावती

अष्टविनायक यात्रेत ओझर आले की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. कुकडीकाठच्या विघ्नहराचे दर्शन, प्रसाद, आणि लगोलग गाडी लेण्याद्रीच्या वाटेला. अंतर सुमारे १५ किलोमीटर. वाटेतले जुन्नर गाडीच्या काचेतूनच मागे पडते. व्यापारी कुटुंबांनी मात्र या शहरासाठी एक पूर्ण दिवस आणि एक जाणता मार्गदर्शक राखून ठेवावा. कारण जुन्नर हे व्यापाराने घडविलेले शहर आहे आणि त्या व्यापाराचे दप्तर आजही तेथील डोंगरांवर वाचावयास मिळते.

कोकणातील कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून सातवाहनांच्या काळात येथे येत असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. या रहदारीच्या आश्रयाने जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी खोदली गेली. ती बौद्ध भिक्षूंसाठी होती. परंतु खर्च करणाऱ्यांत व्यापारी, कारागीर, अमात्य आणि यवनही होते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान होय. शेजारच्याच लेण्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेले भाविक दर्शन घेऊन परततात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील ती एक ओळ मात्र मार्गदर्शकाने बोट दाखविल्यावाचून डोळ्यांना दिसत नाही.

जुन्नरच्या शिलालेखांत श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचे संघ, वारंवार भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचीही नोंद आहे. दान म्हणजे केवळ रक्कम हातावर ठेवणे नव्हे, तर तिच्या उत्पन्नाची कायम तजवीज करणे, ही रीत तेव्हाच रुळली होती.

या रीतीचा सर्वांत स्पष्ट हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. नाशिकचा लेख त्याच नहपानाचा जावई उषवदात याचा. उषवदाताने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच वापरावयाचे, अशी अट. २,००० चे वर्षाचे व्याज होते २४०. वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. तेही २४० च. एका कार्षापणाचीही तफावत नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला गेला. मुद्दल सुरक्षित, हेतू निश्चित, व्याजाचा दर ठरलेला आणि नोंद सर्वांसमक्ष: धर्मादाय निधीच्या विश्वस्तांना आजही याहून वेगळे काय सांगावयाचे?

मानमोडीच्या अंबिका लेणीसमूहात पुढील काळातील जैन मूर्तीही आहेत. भगवान नेमिनाथांची शासनदेवी अंबिका, तिच्याच नावाने हा समूह ओळखला जातो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे ओझरपर्यंत येऊनही येथे पोहोचत नाहीत, कारण कोणी सांगणारे सोबत नसते.

दिवसाची आखणी सोपी आहे. ओझरचे दर्शन सकाळी लवकर, उन्हे चढण्यापूर्वी लेण्याद्री, दुपारचे भोजन जुन्नरात आणि नंतर मानमोडी. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी गावात परतण्याचा हिशेब आधीच करावा. शिवनेरी आणि नाणेघाट यांना दुसरा दिवस द्यावा. एकाच दिवसात सर्व कोंबले की काहीच पदरी पडत नाही. पिण्याचे पाणी सोबत असावे आणि वृद्धांसाठी लेण्याद्रीला डोलीची चौकशी पायथ्याशीच करावी.

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. दर्जा कागदावर मिळतो. तो टिकतो येणाऱ्यांच्या वागणुकीवर. हॉटेलच्या बिलाकडे न पाहणारी मंडळी मार्गदर्शकाच्या मानधनात घासाघीस करतात. वास्तविक खर्चाच्या यादीतील हीच रक्कम दिवसाला अर्थ देते. मोबदला आधी ठरवावा, ठरलेला पुरा द्यावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

लेण्यांच्या भिंतींवर आणखीही नावे आढळतात, खिळ्याने ओरखडलेली. सुलसदत्ताने चैत्यगृह दिले आणि मग नाव कोरविले. ओरखडणाऱ्यांनी काही न देताच नाव लिहिले, तेही कधी जुन्या अक्षरांवर. त्या श्रेणी विराल्या, मुद्दल कोठे गेले याचा पत्ता नाही. उरली आहे ती केवळ पावती. ती पुसली गेली, तर दुसरी प्रत कोणत्याही दप्तरात नाही. सोबतच्या मुलाचा हात भिंतीकडे गेल्यास तो हलकेच मागे घ्यावा आणि त्या ओळीचा अर्थ त्याला सांगावा. दिवसाच्या खर्चाची वसुली तेथेच होते.