गाडीचे कण्हणे
१९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडलेली जीप काय किंवा आजची थार काय, चारही चाकांना जोर दिला की पोखर्णीच्या नृसिंहाला काळ्या चिखलातूनही नेते. पुढे डांबरी रस्ता लागल्यावर मात्र तो दांडा तसाच राहिला, तर वळणावर गाडी कण्हते. कण्हेल नाही तर काय! वळताना पुढची चाके अधिक अंतर कापतात, आणि आपण तर पुढचा-मागचा आस एकाच वेगाला जखडलेला! दांडा दोन चाकांवर आणावा. क्लच सोडताच ‘टक्’ वाजले, तर शाफ्टचा क्रॉस झिजला असावा, असे मी समजतो. वेगाबरोबर घुमणे वाढले, तर डिफरन्शियलचे तेल पाहतो. चिखलातून आल्यावर सांध्यांना ग्रीस द्यावेच. शाफ्ट वाटेत निखळला, तर आतल्या पोराबाळांना नृसिंहच तारो! रेडिओ मोठा करणे हा काही उपचार नव्हे.